वजन ठेवलं की आकडा उतरतो: गोकुळ शिरगावातल्या एका स्टॅकची चिरफाड

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावात आप्पांचा कारखाना आहे. फाउंड्रीवाल्यांसाठी हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्या बांधायच्या आणि जुन्या भट्ट्यांच्या कॉइल बदलून द्यायच्या, हा त्यांचा धंदा. मध्यंतरी त्यांना जरा वेगळं काम मिळालं. सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेलचा, म्हणजे हायड्रोजन आणि हवा यांच्यापासून थेट वीज करणाऱ्या सेलचा, छोटा स्टॅक (एकावर एक रचलेली चळत) तपासायला भट्टी, गॅसची लाइन आणि कंट्रोल पॅनेल असा पूर्ण बेंच बांधून द्यायचा होता. गिऱ्हाइकाची अट अशी, की बेंच रिकामा दाखवायचा नाही. तीन सेलचा स्टॅक आत बसवून चालवून दाखवायचा. सेल बाहेरून विकत मिळतात, प्लेटा उद्यमनगरात मशीन होतात. मधलं जे उरलं, म्हणजे सेल आणि प्लेट यांच्यातली विजेची जोडणी, ते ‘सर बघतील’ असं आप्पांनी परस्पर ठरवून टाकलं. सर म्हणजे मी. कॉलेजात मटेरियल सायन्स शिकवतो, आणि या ‘मधल्या’ कामाला मीही तेव्हा किरकोळच समजत होतो.

हा सेल म्हणजे चिनीमातीच्या बशीसारखी पातळ, ठिसूळ चकती. मध्ये यट्रियम मिसळलेल्या झिर्कोनियाचा थर असतो, तो इलेक्ट्रोलाइट. एका अंगाला निकेल असलेला ॲनोड, तिथे हायड्रोजन. दुसऱ्या अंगाला सच्छिद्र ऑक्साइडचा कॅथोड, तिथे हवा. आमचं तापमान ७५० अंश सेल्सिअस. एक सेल भाराखाली जेमतेम ०.८ व्होल्ट देतो, म्हणून सेलवर सेल रचून मध्ये खाचा पाडलेली पोलादी प्लेट घालायची. खाचांतून गॅस वाहतो, उंचवट्यांतून वीज. ॲनोडच्या बाजूला फार डोकं लावावं लागत नाही. तिथे हवा नसल्याने निकेलची जाळी शुद्ध धातूच राहते. खरी अडचण कॅथोडच्या बाजूला. ७५० अंशांच्या हवेत तांबं, निकेल, लोखंड सगळं ऑक्साइड होतं. न गंजणारे धातू म्हणजे प्लॅटिनम, सोनं आणि बऱ्यापैकी चांदी. प्रयोगशाळेत एकच सेल तपासताना लोक बिनधास्त प्लॅटिनमची जाळी लावतात. म्हणूनच शोधनिबंधातला सेल आणि स्टॅकमधला तोच सेल यांच्या आकड्यांत फरक पडतो. आप्पांना प्लॅटिनमचा भाव सांगितल्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला होता.

धातू नाही तर वीज वाहणारं ऑक्साइड घ्यायचं. मी तक्ता काढला आणि सर्वांत जास्त वाहकतेवर बोट ठेवलं: लॅन्थॅनम-स्ट्रॉन्शियम कोबाल्टाइट. या तापमानाला त्याची वाहकता हजार सीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या वर जाते. ऑक्साइडच्या मानाने ही चैनच. कॉलेजात पावडर केली, एथिल सेल्युलोज घालून पेस्ट घोटली, प्लेटांच्या उंचवट्यांवर ब्रशने लावली. प्लेटा ४३० ग्रेडच्या स्टेनलेसच्या, कारण तो पत्रा इथल्या बाजारात हातोहात मिळतो. वर ढकलदांडी, तिच्यावर बिडाची दहा किलोची वजनं. सील बसवण्यासाठी एकदा ८५० अंशांपर्यंत नेलं आणि ७५० वर आणून विजेचा भार दिला. प्रत्येक सेलचं कामाचं क्षेत्र १६ चौरस सेंमी, करंट ८ अँपिअर.

बारा दिवस झकास गेले. तिन्ही सेल ०.८२ व्होल्टवरून हळूहळू ०.८० वर आले. पहिल्या खेपेला एवढी उतरण मला मान्य होती. मग जुलैची ती रात्र आली. राधानगरीकडे धो धो पाऊस, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकतंय, आणि कारखान्यातली वीज गेली. जनरेटर होता, पण भट्टी त्याच्यावर नव्हती. एक शहाणपण मात्र आप्पांनी आधीच केलं होतं: वीज गेली की आपोआप उघडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह. त्यातून पाच टक्के हायड्रोजन मिसळलेला नायट्रोजन ॲनोडवर वाहत राहिला. हे केलं नसतं तर निकेलचं ऑक्साइड होऊन ते फुगलं असतं, सेल तडकला असता आणि हे प्रकरण तिथेच मिटलं असतं. सकाळी भट्टी ऐंशी अंशांवर होती.

परत तापवलं. भार नसताना तिन्ही सेलचं व्होल्टेज पूर्वीसारखंच, १.०७ च्या आसपास. ८ अँपिअर ओढले तेव्हा कडेचे दोन सेल ०.७९ ला थांबले आणि मधला घसरून ०.७१ वर.

‘सेल गेला न्हवं सर?’ आप्पा म्हणाले. सेल महागाचा, त्यामुळे पहिली शंका त्याच्यावरच जाणार. मला तसं वाटत नव्हतं. सेलला तडा गेला असता किंवा सील फुटलं असतं तर हायड्रोजन आणि हवा एकमेकांत मिसळून बिनभाराचं व्होल्टेजही खाली आलं असतं. ते जागच्या जागी होतं. म्हणजे बिघाड वीज तयार होण्यात नव्हता, वीज वाहून नेण्यात होता.

हे तपासायला महागडं यंत्र लागतंच असं नाही. प्रत्येक प्लेटला व्होल्टेजची वेगळी बारीक तार जोडलेली होती. ऑसिलोस्कोप लावून भार एकदम तोडायचा. जो रोध निव्वळ ओहमचा, म्हणजे पोलाद, जोडणी आणि इलेक्ट्रोलाइट यांचा, त्याचं व्होल्टेज तत्क्षणी उसळी मारून परत येतं. रासायनिक क्रियेमुळे आणि गॅस पोचण्यामुळे झालेली घट मात्र सावकाश भरून निघते. स्कोपवर आधी उभी रेघ आणि मग कललेली वाट दिसते. वीज जायच्या आदल्या दिवशी मधल्या सेलची उभी उसळी ०.१२ व्होल्ट होती. आता ती ०.२१ होती. कललेला भाग जवळजवळ जसाच्या तसा. गेलेले ९० मिलिव्होल्ट सगळेच्या सगळे उभ्या रेघेत सापडले.

मग भट्टीवरच्या पोराने अशी एक गोष्ट केली, जी माझ्या डोक्यात आली नव्हती. त्याने सहज विचारलं, ‘वर अजून एक वजन ठेवू काय?’ ठेवलं, पाच किलोचं. उसळी ०.२१ वरून ०.१७ वर आली. काढलं, परत ०.२१. तीनदा करून पाहिलं. इलेक्ट्रोलाइटचा रोध वजनाने बदलत नाही, पोलादाचाही नाही. वजनाने बदलतं ते दोन पृष्ठभाग एकमेकांना किती ठिकाणी खरोखर टेकले आहेत, तेवढंच. स्टॅक न उघडताच निदान झालं होतं; उघडायचा होता तो कारण बघायला.

उघडल्यावर काळा थर मधल्या सेलच्या कॅथोडला पूर्ण चिकटून होता आणि पोलादाच्या उंचवट्यांवर जवळजवळ काहीच नव्हतं. पापुद्रा सुटावा तसा तो सुटला होता. कडेच्या सेलांमध्येही भेगा होत्या, पण थर दोन्हीकडे बऱ्यापैकी धरून होता. मधलाच का? प्लेटवर डायल गेज फिरवला तर एका बाजूचे उंचवटे बाकीच्यांपेक्षा ३० मायक्रॉनने खाली निघाले. तिथे पेस्टवर मुळात दाब आलाच नव्हता. तिने नुसता पूल बांधला होता. ही चूक मशीनवाल्याची नाही. ड्रॉइंगवर सपाटपणाचा टॉलरन्स मी लिहिलाच नव्हता.

आता पापुद्रा सुटला का, याचा हिशेब माझ्याच तक्त्याच्या शेजारच्या रकान्यात होता. तो रकाना मी वाचला नव्हता. कोबाल्टाइटचं औष्णिक प्रसरण एका अंशाला एका मीटरमागे सुमारे २० मायक्रॉन. या जातीच्या पोलादाचं आणि सेलचं ११-१२ च्या आसपास. फरक आठाचा धरा. सातशे अंश थंड होताना चार सेंमी लांबीत तो ०.२२ मिलिमीटर होतो. थर मात्र मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही पातळ. त्याला आकसायचंय, शेजारी आकसू देत नाहीत, आणि ऑक्साइडला ताण सोसत नाही. बरं, तो नीट भाजलेलाही नव्हता. असं ऑक्साइड घट्ट बसायला हजार अंशांच्या पुढे न्यावं लागतं, आणि पोलाद व सील आत असताना तितकं तापवता येत नाही. ८५० अंशांना कणांच्या माना जेमतेम जुळतात. गरम असताना आणि वजनाखाली हे चालून जातं. पहिल्यांदा थंड झालं की खरं-खोटं कळतं.

मी ज्या हजार सीमेन्ससाठी हे सगळं पत्करलं त्यांचा फायदा किती? ६० मायक्रॉनचा थर, वाहकता १०००: एका चौरस सेंमीमागे रोध ओहमच्या दहा लाखाव्या भागाच्या सहापट. करंटची घनता ०.५ अँपिअर, म्हणजे नुकसान ३ मायक्रोव्होल्ट. वाहकता वीसपट कमी असती तरी ६० मायक्रोव्होल्ट. उलट पोलादावर आपोआप वाढणाऱ्या क्रोमियम ऑक्साइडची वाहकता ०.०१ सीमेन्सच्या घरात. त्याचा एकच मायक्रॉन ०.०१ ओहम चौरस सेंमी खातो, म्हणजे ५ मिलिव्होल्ट. कोबाल्टाइटच्या थराच्या हजारपटीहून जास्त. जोडणीच्या पदार्थाची वाहकता हा निवडीचा निकषच नाही, हे वाक्य मी तेव्हापासून वर्गात फळ्यावर लिहितो. थोडं जास्तच ठणकावून, कारण स्वतःच चुकलेलो आहे.

फाउंड्रीत एसजी आयर्न या बिडातल्या ग्रॅफाइटच्या गोळ्या बघायला मायक्रोस्कोप असतोच. शेजारच्या फाउंड्रीत तो मागून घेतला, प्लेटचा तुकडा रेझिनमध्ये बसवून घासला. क्रोमियम ऑक्साइडचा थर सुमारे २ मायक्रॉनचा दिसला. म्हणजे १० मिलिव्होल्ट, आणि बारा दिवसांत उसळी ०.११ वरून ०.१२ झाली होती ती एवढ्यानेच. हिशेब जुळला. मात्र ४३० ग्रेडमध्ये सिलिकॉन बरंच असतं, आणि दिवस गेले की ऑक्साइडच्या खाली सिलिकाचा पातळ थर साचतो. तो तर वीज अडवणाराच. बाजारात हातोहात मिळणारा पत्रा ही आमची दुसरी चूक होती.

तिसरी गोष्ट पिवळी होती. हवा आत शिरते त्या बाजूला, थराच्या कडेला हळदीच्या बोटासारखा डाग. स्ट्रॉन्शियम क्रोमेट. पोलादातलं क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजन आणि बाष्पाशी मिळून ऑक्सिहायड्रॉक्साइडची वाफ होतं, ती वाफ कॅथोडकडे जाते आणि स्ट्रॉन्शियम दिसलं की तिथेच बसते. (हे सहा-संयुजी क्रोमियम आहे, विषारी. आप्पा बोटाने पुसणार, त्याआधीच मी त्यांना हातमोजे घालायला लावले.) या वाफेचं प्रमाण बाष्पाच्या सरळ प्रमाणात वाढतं, आणि आमची हवा कोल्हापूरच्या जुलैची. २५ अंश आणि ९० टक्के आर्द्रता धरली, तर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवरच्या आपल्या हवेत जवळजवळ तीन टक्के बाष्प असतं. फेब्रुवारीच्या दुपारी, ३२ अंश आणि २५ टक्के आर्द्रतेला, सव्वा टक्का. तोच बेंच, तोच स्टॅक, आणि पावसाळ्यात क्रोमियम दुपटीहून जास्त उडणार. कॉम्प्रेसरला ड्रायर जोडा, हे मी त्याच दिवशी सांगितलं. तो जोडला गेला ऑक्टोबरमध्ये. असो.

दरम्यान आप्पांनी वेगळाच विचार केला होता. ‘सर, आपल्याकडं हुपरी असताना आपण कशाला माती भाजत बसायचं?’ हुपरी इथून हाकेच्या अंतरावर, गावभर चांदीचं काम. मलाही मोह झाला. चांदी मऊ असते, आकसण्या-फुगण्यातला फरक पोटात घेते. ९६१ अंशांना वितळते, म्हणजे ७५० ला घन राहते. तिचं ऑक्साइड एवढ्या उष्णतेत टिकतच नाही, त्यामुळे पृष्ठभाग चकचकीत धातूचाच.

ज्यांच्याकडून तार ओढून घेतली त्या मामांना मी काम समजावलं. एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला हायड्रोजन, चोवीस तास तापलेलं. त्यांनी जाळी हातात फिरवली आणि म्हणाले, ‘चांदी पातळ झाली की हवा पिती बघा. आन् गोठताना समदी ओकती, वर फोड येत्यात. म्हणून तर मुशीत कोळसा टाकायचा.’ हे पुस्तकात आहे: वितळलेली चांदी स्वतःच्या आकारमानाच्या वीसपट ऑक्सिजन शोषते आणि गोठताना तो बाहेर फेकते. घन चांदीत ऑक्सिजन कमी विरघळतो, पण त्यातून सरसर पुढे सरकतो. हायड्रोजनही सरकतो. एकाच तारेच्या एका टोकाला हवा आणि दुसऱ्याला हायड्रोजन असेल तर दोघे तारेच्या पोटात भेटतात आणि तिथे वाफ होते. वाफेला बाहेर पडता येत नाही; आत पोकळ्या होतात आणि तार स्पंज बनते. मामांचं बोलणं ऐकून मी आराखड्यातली सीलखालून जाणारी चांदीची पट्टी काढून टाकली. जाळी फक्त हवेच्या बाजूला, चांदीच्याच पेस्टवर बसवून ठेवली.

चांदीचा स्टॅक सहाशे तास चालला. मध्ये आम्ही मुद्दाम चार वेळा थंड केला. उभी उसळी ढिम्म हलली नाही. आप्पा खूश. मी स्कोपवरच्या कललेल्या भागाकडे बघत होतो, तो मोठा होत चालला होता. उघडल्यावर कळलं. चांदीची पेस्ट आटून आरशासारखी घट्ट झाली होती आणि उंचवट्यांखाली तिने कॅथोडची भोकंच बुजवली होती. हवा आत जाणार कुठून? केल्विनमध्ये मोजलं तर ७५० अंश म्हणजे चांदीच्या वितळणबिंदूच्या ८३ टक्के. एवढ्या तापात तिचे अणू एका जागी बसत नाहीत. हवा शिरते त्या तोंडाशी तारही बारीक झाली होती, कारण चांदी थोडी थोडी वाफ होऊन वाऱ्याबरोबर जाते. काही महिन्यांच्या प्रात्यक्षिकाला चांदी उत्तम, आणि आप्पांचं काम तेवढंच होतं, त्यामुळे इथे थांबायला हरकत नव्हती. पण फ्युएल सेलचा स्टॅक वापरायचा तर हजारो तासांचा विचार करावा लागतो. गिऱ्हाइकाने नेमकं तेच विचारलं.

तिसऱ्या खेपेची हकिकत थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात नाट्य नाही. पोलाद बदललं. जर्मनीतल्या युलिशच्या संशोधन केंद्राने थायसनक्रुप व्हीडीएमबरोबर याच कामासाठी घडवलेलं क्रोफर २२ एपीयू मागवलं. त्यात क्रोमियम २२ टक्क्यांच्या आसपास, सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम मुद्दाम नगण्य ठेवलेलं. पत्रा यायला चार महिने लागले. त्यावर मँगनीज आणि कोबाल्ट यांच्या धातूंचीच पावडर समभाग घेऊन पातळ थर दिला. इथे ऑक्साइड न लावता धातू लावण्यात खुबी आहे. ८५० अंशांच्या हवेत तो थर ऑक्साइड होताना फुगतो, कणांमधल्या फटी स्वतःच भरतो आणि पोलादाला पकडतो. हजार अंशांची गरज पडत नाही. तयार होणारं मँगनीज-कोबाल्टचं ऑक्साइड, म्हणजे स्पिनेल, क्रोमियमला अडवतं. त्याची वाहकता साठ सीमेन्सच्या घरात, म्हणजे माझ्या जुन्या तक्त्यात तळाशी, आणि प्रसरण मात्र पोलादाजवळचं.

स्पिनेल आणि कॅथोड यांच्यामध्ये लॅन्थॅनम-निकेल-फेराइटची पेस्ट. याचं प्रसरण ११ च्या वर थोडं, सेलशी जुळणारं, आणि स्ट्रॉन्शियम नसल्याने पिवळा डाग पडायचा प्रश्न नाही. क्रोमियमशी थेट गाठ पडली तर तेही बिघडतं, म्हणून खालचा थर अखंड हवा. ब्रश सोडून स्प्रे घेतला तो याचसाठी. ड्रॉइंगवर या वेळी सपाटपणा १० मायक्रॉन लिहिला. उद्यमनगरातल्या कारागिराने तो वाचून, ‘आधीच सांगायचं की वो सर’, एवढंच म्हणून प्लेटा ग्राइंडिंगला घेतल्या.

सुरुवातीची उसळी ०.११ आली, कोबाल्टाइटच्या वेळी होती तेवढीच. आप्पांचा चेहरा पडला. एवढं करून आकडा तोच? मी म्हटलं, आकडा आज बघायचाच नाही. पंधरा दिवसांनी, भर उन्हाळ्यात, आम्ही स्वतःच मेन स्विच पाडला. रात्रभर थंड होऊ दिलं, सकाळी तापवलं. असं सहा वेळा केलं. सहाव्यांदा तापवल्यावर मधल्या सेलची उसळी ०.११५ होती. भट्टीवरच्या पोराने न सांगता पाच किलोचं वजन उचलून दांडीवर ठेवलं आणि स्कोपकडे बघत उभा राहिला. आकडा हलला नाही.